नावापुरतं ऑइल

स्टीलच्या पेल्यात नीट दिसेना म्हणून बाबांनी काचेचा ग्लास मागितला. जाईबाईंनी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून तो पिशवीत घालून दोरीने खाली सोडला आणि वरूनच बजावलं, "तो आता परत घरात आनू नका. कसलं कसलं ओतताय त्यात!"

बाबा म्हणजे अस्मिताचे सासरे, सिताराम. तळोज्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी हातातला पाना सुटला नव्हता. जाईबाई त्यांची बायको. खांदेश्वरला त्यांच्या इमारतीखाली, खांबांमधल्या पार्किंगमध्ये, घरची सोळा वर्षांची पांढरी गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती. आदल्या दिवशी अश्विन, म्हणजे अस्मिताचा नवरा, आईला बेलापूरच्या गुडघ्याच्या डॉक्टरांकडून परत आणत होता. कळंबोलीजवळ उड्डाणपुलाच्या चढावर गाडी एकदम जड झाली. ब्रेकवरचा पाय काढला तरी ब्रेक सुटेनात. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघाला. जाईबाईंना भर रस्त्यात उतरून, दुखरे गुडघे घेऊन, पुलाच्या कठड्याला धरून तासभर उभं राहावं लागलं होतं आणि मागचे ट्रक हॉर्नवर हॉर्न मारत होते. गाडी शेवटी दुसऱ्या गाडीला बांधून आणली.

बाबांनी मोठ्या सिरिंजने ब्रेकच्या डबीतला द्रव ओढला, ग्लासात सोडला आणि ग्लास अस्मितापुढे धरला.

"बाय, तू लॅबवाली. सांग बघू, काय हाय ते."

अस्मिता तळोज्याच्याच एका रंगद्रव्यांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होती. दिवसभर असलेच ग्लास उजेडात धरून बघणं हे तिचं काम. तिने हाही धरला. खाली काळ्या चहाच्या रंगाचा थर, वर मधाच्या रंगाचा, आणि दोहोंच्या मध्ये एक स्वच्छ रेघ. ग्लास हलवला तशी रेघ वाकडी झाली आणि पुन्हा सरळ झाली.

"वर तेल आहे," ती म्हणाली.

आणि म्हणता म्हणताच तिला आठवलं, ते तेल कुणी ओतलं होतं ते.

तीन आठवड्यांपूर्वीचा शनिवार होता. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. अश्विन सकाळीच कामावर गेला होता. जाईबाईंना गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात नेण्यासाठी अस्मिताने गाडी चालू केली तर समोर ब्रेकचा लाल दिवा. बाबा डोळ्यांत थेंब घालून पडले होते. त्यांना उठवलं असतं तर ते खाली आल्याशिवाय राहिले नसते, आणि आले असते तर वाकल्याशिवाय राहिले नसते. म्हणून ती एकटीच गॅलरीत त्यांच्या हत्यारांच्या पेटीपाशी गेली.

बाबा नेहमी म्हणत, ब्रेक ऑइल कमी झालं की दिवा लागतो. पेटीत दोन गोष्टी होत्या. एक पत्र्याचा डबा, त्यावर इंग्रजीत छापलेलं, 'ब्रेक फ्लुइड'. आणि एक प्लास्टिकची बाटली, तिच्यावर चिकटपट्टी, पट्टीवर बाबांच्या ठसठशीत अक्षरात 'ऑइल'. डबा तिने हातात घेतला होता. नीट वाचला होता. त्यावर कुठेही ऑइल असं लिहिलेलं नव्हतं, म्हणून परत ठेवला. बाटलीतलं तेल स्वच्छ होतं, मधाच्या रंगाचं. ते गाडी उचलायच्या जॅकचं तेल होतं. पण ते तिला कोण सांगणार? अर्धी वाटी तिने ओतलं. दिवा गेला. फाटकापाशी उभ्या सासूबाई हाका मारत होत्या, "आटप गं, नंबर जाईल आपला!" संध्याकाळी बाबांना सांगायचं असं तिने मनाशी ठरवलं होतं.

आणि ती विसरली. साफ विसरली.

"मीच टाकलं असणार," बाबा म्हणाले.

ते ग्लासाकडे बघत नव्हते. आपल्या हातांकडे बघत होते.

"ऑपरेशनच्या आधी, जानेवारीत. मागच्या चाकातून जरा झिरपत होतं, म्हणून मी भर टाकली होती. तेव्हा डोळ्यापुढे सगळं धुकंच होतं. डबा सोडून बाटलीच उचलली असणार."

अश्विन जिन्याजवळ उभा होता. रात्रभर झोपला नव्हता बहुतेक. "बाबा, तुम्हाला किती वेळा सांगितलं, दिसत नाही तर हात लावू नका! काल आई होती गाडीत. उतारावर झालं असतं तर? पुलावरून खाली गेलो असतो ना आम्ही!"

"हां," बाबा म्हणाले. "बरोबर हाय तुझं."

अस्मिताच्या हातात ग्लास तसाच होता. बोलायची वेळ हीच होती. एक वाक्य, तीन शब्द. पण अश्विनचा चेहरा लाल झाला होता, बाजूच्या फ्लॅटवाल्या सुंदराबाई भाजीची पिशवी घेऊन थांबून ऐकत होत्या. तिला वाटलं, हा जरा शांत होऊ दे. रात्री सांगू. घरात तिचं नाव चोख बाई म्हणून होतं. दुधाचा हिशेब असो की गोळ्यांच्या वेळा, 'अस्मिताला विचार' असं म्हणत सगळे. ते नाव सुंदराबाईंच्या समोर पार्किंगमध्ये सांडावं असं तिला वाटलं नाही. इतकंच होतं ते. नंतर तिने कितीदा उलटसुलट तपासून पाहिलं, याहून मोठं कारण काही सापडलं नाही.

रात्री अश्विनने आईला गुडघ्याला शेक दिला, आणि बाबा न जेवता झोपले. उद्या सांगू, असं झालं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसहून आली तेव्हा हत्यारांच्या पेटीला कुलूप होतं आणि किल्ली जाईबाईंच्या कनवटीला.

"त्यांनीच दिली," जाईबाई म्हणाल्या. "म्हनाले, ठेव तुज्याकडं, मागितली तरी देऊ नको. अशी किल्ली दारूड्याची बायको ठेवते गं! मी आपली हसले. तर ते हसलेच नाहीत."

गाडी दुरुस्तीला टाकावी तर गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून अश्विनने फोनच ठेवला. सगळ्या ब्रेकमधलं झाडून सगळं रबर गेलंय, गॅरेजवाला म्हणाला होता, एवढे पैसे घालण्यापेक्षा तिला भंगारात घाला. अश्विनचं बेलापूरचं ऑफिस दिवाळीत बंद पडलं होतं. तो आता एका मित्राच्या कुरिअरच्या धंद्यात मिळेल त्यावर काम करत होता. घराचा हप्ता अस्मिताच्या पगारातून जायचा. एरवी असलं काही निघालं की बाबा म्हणायचे, "गॅरेज कशाला? मी मेलोय का?" आणि रविवारी पथारी टाकून गाडीखाली शिरायचे. क्लचची तार, रेडिएटरचा पाइप, मागच्या दाराची काच, गेल्या सहा वर्षांत गाडी गॅरेजला म्हणून गेलीच नव्हती. या वेळी ते काही बोलले नाहीत.

गाडी खाली उभी राहिली. तिच्यावर धूळ बसली. बाबा येता जाता तिच्याकडे बघायचं टाळत, जसं कुणी सावकाराला टाळावं.

मग हळूहळू बाकीचंही सुटायला लागलं. गिझरचं बटण बंद केलं का, हे ते दोनदा बघून यायचे. मग तिसऱ्यांदा जाईबाईंना पाठवायचे. सकाळचा पहिला चहा गेली दहा वर्षं तेच करायचे. तो बंद केला. "गॅसचं काम हाय," म्हणाले, "नको." वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी ध्वनिक्षेपक तेच लावायचे, वायरी त्यांच्याच हाताखालच्या. त्या रविवारी निरोप पाठवला, दुसऱ्या कुणाला सांगा.

एकदा अस्मिता त्यांच्या खोलीत कपड्यांच्या घड्या ठेवायला गेली तेव्हा गाडीची वही उघडी पडली होती. गाडीला काय केलं, कधी केलं, किती किलोमीटरला केलं, हे बाबा एका जुन्या डायरीत लिहून ठेवायचे. पाच जानेवारीची नोंद होती: 'मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर जरा झिरपतो. ब्रेक ऑइल टाकले. डोळ्याचे झाल्यावर रबर बदलणे.' त्याखाली वेगळ्या शाईत: 'ऑइल चुकीचे टाकले. चूक माझी.'

लॅबमध्ये नव्याने आलेल्यांना अस्मिता पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची. चुकलं तर खोडायचं नाही, पांढरं लावायचं नाही. एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. खालचं वाचता आलं पाहिजे. वीस वर्षं ती हे सांगत होती. वही मिटून तिने घड्या ठेवल्या आणि स्वयंपाकघरात येऊन कणीक मळायला घेतली, ती चपात्यांना लागते त्याच्या दुप्पट.

ती सांगणार होती. रोज सांगणार होती. पण जो दिवस जाई तो वाक्यात एक शब्द वाढवून जाई. पहिल्या दिवशी 'तेल मी टाकलं' एवढं पुरलं असतं. आठव्या दिवशी 'तेल मी टाकलं आणि आठ दिवस तुम्हाला तसंच ठेवलं' असं म्हणावं लागलं असतं. ते वाक्य रोज जड होत होतं.

"बाबांना दाखवायला पाहिजे," अश्विन एका रात्री म्हणाला. त्याचा राग केव्हाच उतरला होता. आता त्याच्या आवाजात भीती होती. "विसरण्याचं म्हणतोय मी. मेमरीचं. त्यांच्या मोठ्या भावाला झालं होतं ना गावाला. शेवटी शेवटी घर ओळखेना. आतापासून औषध चालू केलं तर... मी अपॉइंटमेंट घेतलीय कामोठ्याला."

"मला वाटतं तसं काही नसेल," अस्मिता म्हणाली.

"अगं, ब्रेकमध्ये जॅकचं तेल टाकलं माणसाने! बाबांनी! दुसऱ्या कुणी टाकलं असतं तर मी म्हटलं असतं अडाणी आहे."

अस्मिताने दिवा बंद केला.

कामोठ्याच्या दवाखान्यात चौघेही रिक्षाने गेले, कारण जाईबाई मागे राहायला तयार नव्हत्या. डॉक्टर तरुण होत्या, अस्मितापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान, आणि बोलायला गोड. त्यांनी बाबांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: लिंबू, कुलूप, सायकल. मग आजची तारीख विचारली, वार विचारला, घड्याळ काढायला लावलं. बाबांनी घड्याळ असं काढलं की डॉक्टरांनी कागद जवळ घेऊन बघितला. आकड्यांमधल्या मिनिटांच्या रेघासुद्धा सारख्या अंतरावर.

"शंभरातून सात वजा करत चला, आजोबा."

"त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर..."

"बास, बास. आता मघाचे तीन शब्द?"

"लिंबू," बाबा म्हणाले. "कुलूप." आणि थांबले. पंख्याकडे बघितलं. जाईबाईंनी ओठ हलवले, तसा अश्विनने त्यांचा हात दाबला. "आनि... नाय आठवत."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग अश्विनकडे वळल्या. "घरी काही घडलंय का अलीकडे? रोजच्या कामात, सवयीच्या कामात चूक? ते महत्त्वाचं असतं. इथल्या परीक्षेपेक्षाही."

अश्विनने सांगितलं. गाडीचं, पुलाचं, धुराचं. आवाज खाली ठेवून, बाप समोर बसलेला असताना मुलगा जसं सांगेल तसं. डॉक्टर लिहीत होत्या. अस्मिताला कागद उलटा दिसत होता, पण उलटं वाचायची तिला सवय होती. 'कामातली सफाई गेली', असं काहीसं इंग्रजीत. त्याखाली रेघ.

मग डॉक्टरांचं पेन थांबलं. "एक मिनिट. ब्रेक ऑइलच्या जागी ऑइल टाकलं, यात चूक काय झाली? ब्रेक ऑइल म्हणजे ऑइलच ना?"

बाबा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

"नाय मॅडम. सगळे तिथंच फसतात. नावापुरतं ऑइल हो ते! तेल नाहीच ते मुळात. डब्यावर बघा, ऑइल लिहिलेलंच नसतं, फ्लुइड लिहिलेलं असतं. आमच्या खात्यात नवा पोरगा आला की मी पहिला हेच सांगायचो. ब्रेकच्या आतलं रबर असतं ना, त्याला साध्या तेलाचा एक थेंब चालत नाही. फुगतं ते. फुगलं की ब्रेक सुटत नाही. तेल वर तरंगतं, फ्लुइड खाली राहतं, दिसायला कळतं पण लगेच..." बोलता बोलता त्यांचे हात वर आले होते, एका हाताने थर दाखवत होते. मग ते हात त्यांनी पाहिले आणि मांडीवर ठेवले. "एकतीस वर्षं सांगत होतो बघा हे. आनि मीच..."

डॉक्टरांनी सहानुभूतीने मान हलवली आणि पेन पुन्हा कागदाकडे नेलं.

"ते लिहू नका," अस्मिता म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"तेल मी टाकलं. बाबांनी नाही. ऑपरेशननंतर, शनिवारी. डबा माझ्या हातात होता, त्याच्यावर ऑइल लिहिलं नव्हतं म्हणून मी ठेवून दिला. त्यांच्या जानेवारीच्या कामात काही चूक नव्हती. तुमच्या कागदावर ते चुकीचं जातंय."

"काय बोलतेस तू?" अश्विन म्हणाला.

"मला ग्लास बघितला तेव्हाच आठवलं होतं."

डॉक्टरांनी आपण लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली. एकच. मग सावकाश म्हणाल्या, एक शब्द गेलाय, वयाच्या मानाने फार नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा या. बाकी सगळं उत्तम आहे. चौघे उठले.

येताना रिक्षात तिघं मागे बसली आणि अश्विन पुढे रिक्षावाल्याच्या बाजूला, अंग चोरून. त्याने मागे वळून एकदाच विचारलं, "सोळा दिवस? सोळा दिवस अस्मिता?" रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. अस्मिता हो म्हणाली. जाईबाई बाहेर बघत होत्या. त्यांनी कनवटीची किल्ली काढली, नवऱ्याच्या मुठीत कोंबली आणि म्हणाल्या, "घ्या तुमची. माज्या कमरेला टोचते ती."

घरी आल्यावर बाबा पाणी प्यायले, पेटी उघडली, पत्र्याचा डबा आणि प्लास्टिकची बाटली शेजारी शेजारी टेबलावर ठेवली.

"बाटलीवर नुसतं 'ऑइल' लिहिलं, ते माझं चुकलं," ते म्हणाले. "कसलं ऑइल ते लिहायला पाहिजे होतं."

"बाबा, असं नका म्हणू."

"का नको? ते माझं हाय, ते मी घेतो. तेल ओतलंस, ते तुझं. माणूस ओततो, होतं. मी काय कमी वस्तू जाळल्यात कंपनीत?" ते थांबले. "पण सोळा दिवस मी रात्री उठून हाताची बोटं मोजत होतो. मोजायला येतात का बघायला. ते कुणाचं?"

अस्मिताने माफी मागितली, पण तो शब्द त्या प्रश्नाला पुरत नव्हता हे तिला कळत होतं. बाबांनी वही काढली, पाच जानेवारीचं पान उघडलं आणि पेन तिच्यापुढे ठेवलं.

"लिही. तुझ्या अक्षरात."

'चूक माझी' वर तिने आडवी रेघ मारली. खालचं वाचता येत होतं. शेजारी लिहिलं: 'जॅकचे तेल अस्मिताने टाकले.' सही केली. तारीख घालताना तिने वर बघितलं. "आजची घालू की..."

"दोन्ही," बाबा म्हणाले. "टाकलं ती, आनि सांगितलं ती."

रविवारी सकाळी सात वाजता गाडी विटांवर चढली. रबराचं सामान अश्विनने पनवेलहून आणलं होतं. अस्मिताशी तो कामापुरतं बोलत होता, "ही पिशवी धर", "पाना दे", एवढंच. पण आणलं होतं सगळं, एकही वस्तू न विसरता. बाबांनी पुठ्ठा पसरून त्यावर जुने भाग क्रमाने मांडले. ब्रेकच्या मुख्य सिलिंडरातून निघालेले रबरी वायसर रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखे टम्म फुगलेले होते. बाबांनी त्यातला एक अस्मिताच्या तळहातावर ठेवला, नवा त्याच्या शेजारी. तिनेही तो बराच वेळ हातात ठेवला.

नळ्या धुवायला स्पिरिट लागणार होतं. लॅबमध्ये कॅनच्या कॅन पडलेले असतात. एक बाटली कुणाला कळलीही नसती. तिने औषधाच्या दुकानातून विकत आणलं.

नऊच्या सुमारास सोसायटीचे सेक्रेटरी विलास साने फिरून परत आले आणि खांबाशी थबकले.

"सितारामराव, पार्किंगमध्ये रिपेरिंग करायचं नाही असा ठराव झालाय आपला."

"रिपेरिंग कुठं? गाडी धुतोय."

"चाकं काढून?"

"आतून धुतोय," बाबा म्हणाले.

साने हसू दाबत लिफ्टकडे गेले. वरून जाईबाईंचा आवाज आला, "चहा झालाय! कोनी केलाय म्हनून इचारू नका, जरा करपलाय!" बाबांनी मान वर करून सांगितलं, "उद्यापासून मी करतो," आणि पुन्हा चाकापाशी बसले.

दुपारपर्यंत सगळं नवं रबर बसलं. नवं फ्लुइड डबीत ओतलं, त्याच पत्र्याच्या डब्यातून नाही, नवीन सीलबंद डब्यातून. ओतायच्या आधी बाबांनी डबा अस्मितापुढे धरला. तिने वाचला. मोठ्याने वाचला. प्लास्टिकच्या बाटलीवर आता नवी पट्टी होती: 'जॅकचे ऑइल. ब्रेकला नाही.'

राहिली होती नळ्यांतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने मागे चाकापाशी नळीचा स्क्रू उघडायचा, हवेचे बुडबुडे बाहेर जाऊ द्यायचे आणि पेडल वर यायच्या आत स्क्रू बंद करायचा. मागच्याला पेडल दिसत नाही, पुढच्याला स्क्रू दिसत नाही. अश्विन पेडलवर बसायला निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "तू वर जा, जेव. ती बसेल."

अस्मिता गाडीत बसली. काच खाली केली. मागून, डाव्या चाकापासून, बाबांचा आवाज आला.

"मी सोड म्हनत नाय तोवर सोडायचं नाय. तू सोडलंस आनि मी उघडं ठेवलं तर हवा आत जाते. मग सगळं फुकट."

"हो, बाबा."

"दाब."

"दाबलं."

"दाब. दाब. धर."

"धरलंय."

स्क्रू फिरल्याचा बारीक आवाज. पेडल पायाखाली हळूहळू बुडत गेलं.

"गेलं खाली?"

"गेलं."

"सोड."

असं पाच-सहा वेळा झालं. मध्ये एकदा बाबांनी विचारलं, "लिंबू, कुलूप, आनि?"

"सायकल."

"हां. सायकल." थोडा वेळ नुसता पाना वाजला. "तो विसर माझाच ना? की त्यातही तुझं काही हाय?"

"तो तुमचाच आहे, बाबा."

"बरं. दुसरं काही?"

गेल्या महिन्यात दाराला किल्ली तशीच लटकत राहिली होती. तिने ती काढून गुपचूप खुंटीला लावली होती. "दाराची किल्ली," ती म्हणाली. "एकदा. महिन्यापूर्वी. मी बोलले नव्हते."

"आता बोललीस. दाब."

"दाबलं."

"धर."

तिने पाय रोवला. दुपारचा उकाडा, पायाला घाम, पेडलचं रबर वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेलं. मागे स्क्रू उघडल्याचा आवाज झाला आणि त्याच क्षणी तिची टाच सरकली. पेडल अर्ध्या बोटाने वर आलं. तिने लगेच पुन्हा दाबलं. फार तर अर्धा सेकंद. मागे बाबा चाकाशी वाकलेले होते. नळीतला बुडबुडा त्यांना दिसला असेल किंवा नसेल.

"धरलंस?" बाबांनी विचारलं.

"नाही," अस्मिता म्हणाली. "पाय सुटला, बाबा. आत्ता. तुम्ही उघडलंत तेव्हा."

मागे स्क्रू बंद झाल्याचा आवाज.

"बरं," बाबा म्हणाले. "चप्पल काढ. पहिल्यापासून."

तिने चपला काढून दाराबाहेर ठेवल्या, अनवाणी पाय पेडलवर ठेवला आणि वाट बघत राहिली.

"दाब."

"दाबलं."